मंदी आली तेव्हा वय किती होतं?

आपल्याकडच्या कुलवृत्तांतात मूळपुरुष, गोत्र, शाखा, स्थलांतरं अशी सगळी माहिती असते. पण एखाद्या पिढीवर संकट कोसळलं तेव्हा घरातला कोण केवढा होता आणि भार कुणाच्या अंगावर पडला, हे त्यातून क्वचितच कळतं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांनी नेमका हाच प्रश्न धसाला लावला.

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये १९२०-२१ साली जन्मलेल्या १६७ मुलांच्या नोंदी १९६२मध्ये त्यांच्या हाती आल्या. १९३०च्या दशकापासून संशोधकांनी या मुलांची पाहणी चालवली होती. एल्डर यांनी त्या नोंदी महामंदीच्या सालांशी ताडून पाहिल्या. १९२९ ते १९३३ या काळात ज्या घरांचं उत्पन्न एक तृतीयांशाहून जास्त घटलं, ती घरं त्यांनी वेगळी काढली. तिथे मुलगे बाहेर पडेल ते काम करू लागले होते, मुलींनी स्वयंपाक आणि घरकाम अंगावर घेतलं होतं, वडिलांपेक्षा आईचा शब्द जास्त चालू लागला होता. यातली बरीच मुलं पुढे चांगली मार्गी लागली. १९७४मध्ये एल्डर यांचं ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेट डिप्रेशन’ हे पुस्तक आलं.

संकट माणसाला घडवतं, असा निष्कर्ष इथे कुणीही काढला असता. एल्डर मात्र शेजारच्या बर्कलीतल्या, १९२८-२९मध्ये जन्मलेल्या मुलांकडे वळले. मंदी तीच, पण ही मुलं तेव्हा तान्ही होती. कमावण्याचं वय नव्हतं. वाट्याला आला तो घरातला ताण आणि बापाचा संताप. ओढग्रस्त घरांतले हे मुलगे किशोरवयात जास्त खचलेले, आत्मविश्वास हरवलेले दिसले. पुढे सैन्यातली नोकरी आणि माजी सैनिकांना शिक्षणासाठी मिळणारी सरकारी मदत यांनी अनेकांना हात दिला.

नुसत्या इतिहासाला इथे ‘मंदीची पिढी’ एवढंच दिसलं असतं आणि नुसत्या समाजशास्त्राला घरातली नाती. आठ वर्षांच्या अंतराने काय बिघडतं, ते दोन्ही एकत्र आल्यावरच उमगलं. म्हणून ही पद्धत मला मोलाची वाटते.

मुंबईच्या गिरणगावातल्या घरांनाही ती लावून पाहावी. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा दहावीतला थोरला आणि पाळण्यातला धाकटा एकाच बापाचे असले, तरी त्यांचा संप एक नव्हता. आणि त्या दोघांच्या मधली बहीण? तिची शाळा कोणत्या इयत्तेत सुटली, घरी शिलाई मशीन कधी आलं, खानावळीच्या पोळ्या कोण लाटायचं, हे तिलाच विचारावं लागेल. वंशावळीत बहुधा तिचं नावही नसतं.