कागदावरचा वेग आणि कामाचा वेळ

गोंदियाच्या बाजारात संगणक घेऊ पाहणाऱ्याला दोन प्रोसेसरांतील फरक बहुधा एकाच आकड्यात सांगितला जातो, आणि तो आकडा गीगाहर्ट्झचा असतो. प्रोसेसर म्हणजे संगणकातील प्रत्यक्ष आकडेमोड करणारी चिप, आणि गीगाहर्ट्झ म्हणजे तिच्या अंतर्गत घड्याळाचे ठोके सेकंदाला किती अब्ज पडतात याचे माप. एका ठोक्यात किती काम उरकते, हे मात्र या मापात कोठेच येत नाही. इंटेल कंपनीचा पेंटियम ४ हा प्रोसेसर ३.८ गीगाहर्ट्झपर्यंत पोहोचला होता; तरीही त्याच कंपनीच्या, २००६ साली आलेल्या २.४ गीगाहर्ट्झच्या कोअर २ ड्युओने त्याला बहुतेक कामांत मागे टाकले. पेंटियम ४च्या शेवटच्या पिढ्यांत एक सूचना ३१ टप्प्यांतून जात असे. ठोके जलद पडावेत म्हणून प्रत्येक टप्पा लहान ठेवलेला होता, आणि पुढे कोणत्या सूचना लागतील याचा चिपने बांधलेला अंदाज चुकला, की त्या लांबलचक रांगेतील अर्धवट काम टाकून देऊन पुन्हा आरंभ करावा लागे.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर दोन प्रोसेसरांची तुलना कशी करावी या प्रश्नाचा सर्वांत बोधक नमुना पुण्याचा आहे. १९८८ साली तेथे प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, स्थापन झाले आणि त्याची धुरा अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावच्या विजय भटकरांकडे आली. १९९१ साली या संस्थेने उभा केलेला ‘परम ८०००’ हा महासंगणक ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीच्या टी-८०० या चिपांवर चालत असे. ट्रान्सप्युटर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चिपेत आकडेमोडीची सोय, ४ किलोबाइट स्मृती आणि शेजारच्या चिपांशी बोलण्यासाठी चार स्वतंत्र दुवे एकत्र बसवलेले होते. २० मेगाहर्ट्झच्या टी-८००ला दशांश-अपूर्णांकांची सुमारे १५ लाख गणिते एका सेकंदात करता येत. नंतरच्या ‘परम ८६००’मध्ये तिच्या जोडीला इंटेलची आय-८६० ही चिप आली. १९८९ साली बाजारात आलेल्या या चिपेवर दहा लाखांहून अधिक ट्रान्झिस्टर होते आणि ४० मेगाहर्ट्झला सेकंदाला ८ कोटी गणिते, असा तिचा लौकिक होता.

८ कोटी भागिले १५ लाख केले की पन्नासपटींहून अधिक फरक निघतो, परंतु हा भागाकार मुळातच सरळ नाही. टी-८००चा आकडा प्रत्यक्ष चालवून मिळणाऱ्या वेगाचा आहे, तर आय-८६०चा आकडा शिखरवेगाचा, म्हणजे बेरीज व गुणाकार करणारे दोन्ही भाग एकही ठोका वाया न घालवता सतत गुंतलेले राहिले तर गाठता येणाऱ्या कमाल वेगाचा आहे. तसे ते क्वचितच राहत. चिपेवरील आकड्यांची तात्पुरती साठवण अवघी ८ किलोबाइटची होती, त्यापलीकडचे आकडे मुख्य स्मृतीतून आणावे लागत, आणि दोन्ही भागांना एकाच वेळी काम पुरवणारी सूचनांची मांडणी त्या काळच्या भाषांतरक प्रणालींना, म्हणजे प्रोग्रॅमचे चिपेच्या सूचनांत रूपांतर करणाऱ्या कंपायलरांना, नीट साधत नसे. त्यामुळे साधारण प्रोग्रॅमला शिखरवेगाचा एक लहानसा अंशच हाती लागे. तिरोडा किंवा आमगावच्या मिलमध्ये तासाला चार टन धानाची भरडाई करू शकणारे यंत्र बसवले आणि त्याला धान पुरवणारा एलिव्हेटर एकच टन चढवत असला, तर भरडाई एकाच टनाची होते, तसाच हा प्रकार होता. ‘परम ८६००’च्या रचनाकारांनी यातून काढलेला मार्ग शहाणपणाचा म्हटला पाहिजे, कारण त्यांनी जुनी चिप मोडीत न काढता निरोपांची देवाणघेवाण तिच्याकडेच ठेवली आणि नव्या चिपेला केवळ जड गणित दिले.

शिखरवेगावर विसंबता येत नाही म्हणून ठरावीक प्रोग्रॅम दोन्ही यंत्रांवर चालवून वेळ मोजण्याची पद्धत रूढ झाली. अशा मोजमापाला बेंचमार्क म्हणतात. त्यातही सरासरी फसवी ठरू शकते. एका मिलच्या कार्यालयात दोन कामे आहेत असे मानावे: पावती काढणे आणि वर्षाचा ताळेबंद जुळवणे. पहिल्या संगणकाला पावतीसाठी १ मिनिट व ताळेबंदासाठी ४ मिनिटे लागतात; दुसऱ्याला दोन्हींसाठी प्रत्येकी २ मिनिटे. दुसऱ्याचा वेळ पहिल्याच्या वेळेने भागला तर २ आणि ०.५ ही गुणोत्तरे मिळतात, त्यांची सरासरी १.२५ येते, आणि दुसरा संगणक पंचवीस टक्के मंद ठरतो. भागाकार उलटा केला तरी सरासरी १.२५च येते, आणि आता पहिला मंद ठरतो! ही विसंगती टाळण्यासाठी स्पेक या मोजमाप-संस्थेच्या चाचण्यांत भूमितीय मध्य, म्हणजे दोन गुणोत्तरांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, घेतात. येथे ते १ येते आणि दोन्ही संगणक बरोबरीत राहतात. परंतु मिलमालकाला या बरोबरीचा उपयोग नाही. दिवसाला २० पावत्या आणि एक ताळेबंद असेल, तर पहिल्यावर २४ मिनिटे आणि दुसऱ्यावर ४२ मिनिटे लागतात. निकाल चिपेइतकाच कामांच्या प्रमाणावर ठरतो.

गाभे अधिक असलेला प्रोसेसर, म्हणजे एकाच चिपेवर आठ-दहा स्वतंत्र गणक असलेला, सर्वच कामांत त्या प्रमाणात जलद असतो हा समजही तपासून घ्यावा लागतो. नवेगाव-नागझिऱ्यासारख्या व्याघ्र प्रकल्पातील कॅमेरा सापळ्यांची हजारो छायाचित्रे संगणकाकरवी छाननीला लावली, तर प्रत्येक छायाचित्र वेगळ्या गाभ्याकडे देता येते. ज्या कामाचा दहावा हिस्सा मात्र क्रमानेच करावा लागतो, त्याचा वेग गाभे कितीही वाढवले तरी दहापटींपलीकडे जात नाही, हे जीन ॲम्डाल यांनी १९६७ सालीच मांडले होते. आणि धान खरेदीची नोंदणी ऑनलाइन करताना जो वेळ जातो, तो बहुतेकदा इंटरनेटच्या जोडणीची वाट पाहण्यात जातो, तेथे कोणताही प्रोसेसर कामी येत नाही.

गोंदिया जिल्ह्यात या तुलनेला आणखी एक अट जोडावी लागते, ती उन्हाळ्याची. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. आजच्या बऱ्याच चिपा १०० अंशांजवळ पोहोचल्या की स्वतःचा वेग उतरवतात, आणि चिपेची उष्णता किती बाहेर पडेल हे चिप व खोलीतील हवा यांच्या तापमानातील अंतरावर अवलंबून असते. २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत हे अंतर ७५ अंशांचे असते, तर ४० अंशांच्या खोलीत ते ६० अंशांवर येते. म्हणजे तोच पंखा सुमारे एक पंचमांश उष्णता कमी फेकतो. त्यामुळे थंड खोलीत काढलेले गुण येथल्या दुपारी टिकतीलच असे नाही. पातळ बांध्याच्या लॅपटॉपात हा फरक अधिक जाणवतो, आणि एकाच नावाचा प्रोसेसर दोन निरनिराळ्या लॅपटॉपांत निरनिराळा चालतो, तो बहुधा याच कारणाने. दोन यंत्रे शेजारी ठेवून पाहायची असतील, तर रोजच्या कामाचीच फाइल दोन्हींवर उघडून ती निदान अर्धा तास सलग चालवावी लागते, कारण पहिल्या काही मिनिटांत चिप तापलेली नसते. आणि दोन्ही यंत्रे चार्जरला जोडलेली असावी लागतात, कारण बॅटरीवर चालताना कित्येक लॅपटॉप वीज वाचवण्यासाठी आपला वेग मुद्दाम कमी ठेवतात.