दगडांची जोडी नंबर वन!

पुण्याच्या नगर रस्त्यावर वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात? मग मूड बदलायला एक झक्कास बातमी घ्या. याच परिसरातल्या दगडखाणींतून निघालेलं एक निळंशार खनिज जगभरातल्या म्युझियममध्ये काचेआड मिरवतंय. नाव कॅव्हन्साइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या तिघांची आद्याक्षरं जुळवून ठेवलेलं!

शोध तिकडे, शोभा इकडे

माहीत आहे का? कॅव्हन्साइट पहिल्यांदा सापडलं ते अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात, १९६७ साली. १९७३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन छापून आलं. पण जगातले सर्वांत देखणे नमुने कुठले? आपल्या वाघोलीचे! पांढऱ्या-गुलाबी स्टिलबाइट या खनिजाच्या गादीवर निळा गोंडा, असा त्याचा थाट.

जुळ्याचं दुखणं नव्हे, जुळ्याचं देखणं!

कॅव्हन्साइटला एक जुळं भावंड आहे, पेंटागोनाइट. दोघांचं रासायनिक सूत्र अगदी सेम, फक्त आतली अणूंची रचना वेगळी. ओरेगॉनमध्ये दोघंही सापडली. वाघोलीत आधी कॅव्हन्साइट गाजलं आणि नंतर पेंटागोनाइटही मिळालं. म्हणजे एक दिसलं की दुसऱ्याला शोधा! हाच नियम हजारो खनिजांना लावला तर? लावलाय की!

किराणा दुकानातून थेट खाणीत

पोहे घेणारा शेंगदाणेही घेतो, हे दुकानदाराला पाठ असतं. हीच गोष्ट लाखो बिलांमधून कॉम्प्युटरने हुडकायची पद्धत १९९३ मध्ये राकेश अग्रवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएममध्ये मांडली. खनिजशास्त्रज्ञांनी ती उचलली. बिलाच्या जागी ठिकाण, मालाच्या जागी खनिजं. कोणाबरोबर कोण सापडतं, याचे नियम तयार. मग एखाद्या ठिकाणच्या यादीत पोहे आहेत आणि शेंगदाणे नाहीत असं दिसलं, की तिथे पुन्हा शोध घ्यायचा!

सगळीकडे हजर, म्हणून खास नाही

पण थांबा, इथे एक गंमत आहे. दख्खनच्या पठारावर स्टिलबाइट जिकडेतिकडे. मग ते कोणाच्याही शेजारी सापडलं तर त्यात काय नवल? म्हणून गणित विचारतं, ही जोडी निव्वळ योगायोगाने जितक्यांदा दिसली असती, त्यापेक्षा किती जास्त वेळा दिसते? या आकड्याला म्हणतात लिफ्ट. आकडा एकच्या आसपास असेल तर योगायोग. एकच्या वर चढला, की लिफ्ट निघाली वरच्या मजल्यावर!

आकडे ऐका, खुर्ची धरा

२०२३ मध्ये शॉना मॉरिसन, अनिरुद्ध प्रभू, रॉबर्ट हेझन आणि त्यांच्या टीमने हा प्रयोग जगभरच्या नोंदींवर केला. खनिजं ५,४७८. ठिकाणं २,९५,५८३! त्यातून त्यांनी युरेनियमची खनिजं कुठे मिळतील, लिथियमचं स्पॉड्युमीन कुठे मिळेल, याचे अंदाज बांधले. मोबाइलची बॅटरी लिथियमवर चालते, तेव्हा हा अंदाज थेट आपल्या खिशातला.

मंगळाची रंगीत तालीम

याच टीमने कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटातलं टेकोपा खोरंही तपासलं. का? कारण ते मंगळासारखं आहे! आपल्याकडेही असा हिरो आहे बरं का. बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार विवर उल्का आदळून थेट बेसॉल्टमध्ये तयार झालं. मंगळावरही बेसॉल्टच बेसॉल्ट, म्हणून शास्त्रज्ञ लोणारच्या वाऱ्या करतात.

शेक्सपिअर आणि दगड, काय संबंध?

'कुठे' झालं. आता 'किती'! अजून न सापडलेली खनिजं मोजायची कशी? माहीत आहे का, १९७६ मध्ये दोन संख्याशास्त्रज्ञांनी शेक्सपिअरला माहीत असलेले पण त्याने कुठेच न वापरलेले शब्द किती, याचा अंदाज काढला होता! पुस्तकात एकदाच आलेले शब्द मोजा, त्यावरून न आलेल्यांचा अंदाज येतो. खनिजांचंही तसंच. निम्म्याहून जास्त खनिजं जगात पाच किंवा त्याहून कमी ठिकाणी सापडलेली. याच घराण्यातलं गणित वापरून हेझन यांच्या टीमने २०१५ मध्ये सांगितलं, दीड हजारांहून जास्त खनिजं अजून आपल्या नजरेआड आहेत!

शोधा म्हणजे सापडेल

कार्बनची आणखी १४५ खनिजं असणार, असा अंदाज बांधून २०१५ मध्ये जगभरातल्या हौशा-गवशांना खुलं चॅलेंज दिलं गेलं. २०१९ पर्यंत तीसेक हाती लागली. त्यातलं एक तर भन्नाट! टिनन्क्युलाइट. रशियात जळत्या कोळशाच्या ढिगातला गरम वायू आणि खरुची पक्ष्याची विष्ठा यांच्या संगमातून ते पहिल्यांदा नजरेस आलं. शी म्हणू नका, शास्त्र म्हणा!

पुण्याचे जुने रेकॉर्ड

१८३१ मध्ये एका खनिजाला चक्क पुण्याचं नाव मिळालं होतं, पूनालाइट! पुढे कळलं, हे तर आधीच माहीत असलेलं झिओलाइट गटातलं खनिज. नाव गेलं, रुबाब राहिला.

आणि हा योग बघा. १८२४ मध्ये मुंबई सरकारने दख्खनची आकडेवारी जमवायला नेमले कर्नल विल्यम साइक्स. त्यांनी १८३३ मध्ये दख्खनच्या खडकांवर लिहिलं आणि लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेच्या संस्थापकांमध्येही ते होते. दगड आणि आकडे यांची जोडी इथे दोनशे वर्षांपूर्वीच जमली होती!

पुण्यातल्या पाषाणचा पाषाणही वर्ल्ड फेमस. तिथल्या खाणींतलं हिरवं अपोफिलाइट संग्राहकांच्या गळ्यातला ताईत. असा खजिना एकाच छताखाली पाहायचाय? सिन्नरचं गारगोटी म्युझियम गाठा.

आता तुमची बारी

हा सगळा माल आला कुठून? साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, नंतर खनिजयुक्त गरम पाणी झिरपलं आणि एकामागून एक स्फटिक बसत गेले. म्हणून दख्खनमध्ये एकट्यादुकट्या खनिजापेक्षा त्याची संगत मोलाची.

पण २०२१ पासून वाघोली पुणे महापालिकेत आहे आणि जुन्या खाणींच्या आसपास टॉवर उभे राहताहेत. खाण बुजली की पोकळीही गेली. सुंदर स्फटिक धुऊनपुसून विकला आणि तो कुठल्या खाणीतला, शेजारी काय होतं हे कुणी लिहिलंच नाही, तर कॉम्प्युटरच्या दृष्टीने तो नुसता शो-पीस. एवढा देखणा पुरावा वाया जाऊ द्यायचा?

तेव्हा ट्रेकला, विहिरीच्या खोदकामाजवळ किंवा खडीच्या ढिगात चमचमणारं काही दिसलं, तर लगेच उचलू नका. आधी फोटो काढा, शेजारच्या खनिजांसकट. लोकेशन टाका, तारीख टाका आणि कॉलेजच्या भूशास्त्र विभागात दाखवा. पुढचा नियम तुमच्या नोंदीतून निघू शकतो. काढा फोन, करा सुरुवात!