अकोल्याचा प्लॉट विकून खाडीकाठी फ्लॅट घेण्याआधी

अकोला, अमरावती, मूर्तिजापूर, दर्यापूरची आपली असंख्य मुलं-मुली आज मुंबई आणि नवी मुंबईत नोकरी करत आहेत. कोणी आयटीत, कोणी बँकेत, कोणी मंत्रालयात, कोणी रुग्णालयात. आधी कॉट बेसिसवर, मग तीन-चार मित्रांत भाड्याची खोली. लग्न होतं, मूल होतं आणि मग घराचा विषय निघतो. नेरुळ, सीवूड्स, ऐरोली, खारघर, उलवे ही नावं वऱ्हाडातल्या घराघरांत आता ओळखीची झाली आहेत. गावाकडचा प्लॉट किंवा दोन एकर शेत विकून इकडे फ्लॅट घ्यावा का, असा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

आपल्या माणसाला नवी मुंबई का बरी वाटते, हे आधी पाहू. ठाणे खाडीच्या पलीकडे नवं शहर वसवण्यासाठी १९७० साली सिडको स्थापन झाली. शाळा, बाग, मैदान, बाजार आणि स्टेशन आधी आखून मग सेक्टर बसवले गेले. मुलं असलेल्या कुटुंबाला आणखी काय हवं? अमरावती एक्सप्रेसने येणारा माणूस कल्याण किंवा ठाण्याला उतरून लोकलने घरी पोहोचतो. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, त्याच महिन्यात लोकल उरणपर्यंत गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. त्यामुळे उलवेसारख्या भागात भावही चढले आहेत. ऐरोलीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक आहे. मुलांना रविवारी न्यायला त्याहून चांगली जागा कोणती?

दुसरं कारण लोक मोकळेपणाने बोलत नाहीत, पण ते मोठं आहे. भाड्याने घर शोधताना आडनाव विचारलं जातं. आडनावावरून अंदाज आला नाही तर गाव विचारलं जातं, मग "नॉनव्हेज चालत नाही" असं सांगितलं जातं आणि दुसऱ्या दिवशी एजंट फोन उचलत नाही. १९१७ मध्ये बडोद्यात बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नव्हती. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढलं गेलं. हे आपण सगळ्यांनी वाचलं आहे. आपल्याच अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांचा अभ्यास करून २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना नकार मिळण्याचं प्रमाण सवर्णांपेक्षा स्पष्टपणे जास्त आढळलं. खाजगी घरमालकाच्या या नकाराला थेट अडवणारा सोपा कायदा आपल्याकडे नाही.

विकत घेताना मात्र चित्र बदलतं. बिल्डरकडून नवा फ्लॅट घेताना व्यवहार कागदावर होतो. जुना फ्लॅट घेतला तर सोसायटी मध्ये येते. पण सहकार कायद्यानुसार पात्र माणसाला पुरेसं कारण नसताना सभासदत्व नाकारता येत नाही. नाकारलं तर निबंधकाकडे दाद मागता येते. हस्तांतरणाचा प्रीमियम महापालिका क्षेत्रात २५ हजार रुपयांच्या वर घेता येत नाही. "डोनेशन द्या" असं कोणी म्हटलं तर लेखी मागा, विषय तिथेच संपतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. २००५ मध्ये गुजरातमधल्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एकाच समाजापुरतं सभासदत्व ठेवणारे उपविधी वैध ठरवले. म्हणून जुना फ्लॅट घेण्याआधी, टोकन देण्याआधी, सोसायटीचे उपविधी मागून वाचा. म्हणजेच घर विकत घेणाऱ्या आपल्या माणसाची ताकद कागदात आहे. आणि नेमकी तिथेच आपली फसवणूक होते.

उलवे, खारघर, घणसोली, दिघा या भागांत फिरताना एजंट दोन प्रकारच्या इमारती दाखवतो. एक सिडकोच्या प्लॉटवरची. दुसरी जुन्या गावाच्या पट्ट्यातली, आतून तशीच टाइल्सची, लिफ्टची, आणि किमतीत बरीच स्वस्त. सिडकोने ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या, त्यांना साडेबारा टक्के योजनेत विकसित प्लॉट मिळाले. त्या प्लॉटवर रीतसर परवानगीने उभ्या राहिलेल्या इमारती ठीक आहेत, त्यांना घाबरायचं कारण नाही. गावठाणात आणि त्याच्या भोवती परवानगीशिवाय उठलेले मजले ही वेगळी गोष्ट. तिथे रजिस्ट्रीऐवजी नोटरीचा कागद पुढे येतो आणि राष्ट्रीयीकृत बँक कर्ज देत नाही. "बँकेचं कशाला, पतपेढीतून करून देतो," असं एजंट म्हणाला की उठून यावं.

२०१५ मध्ये दिघ्यातल्या ९९ बेकायदा इमारती पाडण्याचे आदेश उच्च न्यायालयाने दिले. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प आणि डम्पिंगसाठी राखीव जागेवर उभ्या असलेल्या ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशानुसार २०२५ च्या सुरुवातीपर्यंत पाडण्यात आल्या. तिथे राहणारे बहुतेक कष्टकरी होते. त्यांनी पैसे मोजले होते, वीजबिलं भरली होती, काहींनी घरपट्टीही भरली होती. वीजबिल आणि घरपट्टी म्हणजे इमारत कायदेशीर असल्याचा पुरावा नव्हे, हे गावाकडच्या वडीलधाऱ्यांनाही समजावून सांगा. कारण "टॅक्स पावती आहे ना?" हा प्रश्न तेच आधी विचारतात.

मग पाहायचं काय? इमारत बांधली जात असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक. महाराष्ट्रात हा कायदा १ मे २०१७ पासून लागू आहे. प्लॉट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि सदनिका आठपेक्षा जास्त असतील तर नोंदणी सक्तीची आहे. क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर टाकला की मंजूर नकाशा, जमिनीचा हक्क, चालू खटले, ताबा देण्याची तारीख सगळं दिसतं. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. किंमत कार्पेटवर ठरवा. सुपर बिल्टअपचा आकडा ऐकूच नका. इमारत तयार असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला सगळे ओसी म्हणतात ते. ओसी नाही तर घर नाही, मग ताबा कितीही लवकर मिळत असो. सिडकोची बहुतेक जमीन ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याची आहे. त्यामुळे पुनर्विक्रीत सिडकोचं हस्तांतरण शुल्क कोण भरणार, हे करारात लिहून घ्या.

आता "सी व्ह्यू"बद्दल. चैत्यभूमीला पाहिला तो समुद्र मनात ठेवून नेरुळला याल तर निराश व्हाल. इथे बहुतेक ठिकाणी खाडी आहे, चिखल आहे आणि खारफुटी. ती खारफुटी पुढे तोडून चौपाटी होणार, असं सांगणारा एजंट खोटं बोलतो. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने खारफुटी तोडण्यावर बंदी कायम केली आणि तिच्याभोवती ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितला. किनारा नियमन क्षेत्राचे नियम वेगळेच. इमारत त्या पट्ट्यात येते का, हे वकिलाकडून पाहून घ्या. खाऱ्या हवेने ग्रील गंजतात, भिंती ओलावतात. घर बघायला पावसाळ्यात जा, उन्हाळ्यात नको. आणि गावाहून कूलर आणू नका. अकोल्याच्या कोरड्या उन्हात तो जीव वाचवतो, इथल्या दमट हवेत फक्त आवाज करतो.

पैशाचा हिशेब. ४० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं मुदत, तर हप्ता सुमारे ३४,७०० रुपये. एकूण परतफेड ८३ लाखांच्या वर जाते. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच पैसे देते. उरलेले २० टक्के, त्यावर मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि वकील हे सगळं खिशातून. घर फक्त बायकोच्या किंवा आईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. ६० लाखांच्या घराला हे ६० हजार होतात. घर बाईच्या नावावर असण्याचा फायदा एवढाच नाही, पण तो वेगळा विषय.

सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने कमाईचे चार भाग करावेत, एक उपभोगाला, दोन व्यवसायात आणि एक अडचणीसाठी राखून ठेवावा, असा सल्ला आहे. हप्ता ठरवताना तो राखीव चौथा भाग मोडत असेल तर घर एक खोली लहान घ्या, किंवा दोन स्टेशन पुढे.

सिडको आणि म्हाडाच्या सोडतीकडे आपले लोक अजून पुरेसे वळलेले नाहीत. म्हाडात अनुसूचित जातींना ११ टक्के घरं राखीव असतात, आणि नवबौद्धांना त्यात अर्ज करता येतो. अडचण दाखल्यांची होते. जात प्रमाणपत्र, अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला अकोला-अमरावतीहून काढायचा असतो. जाहिरात आल्यावर धावपळ केली की मुदत जाते. दिवाळीला गावी जाल तेव्हाच हे काम करून ठेवा. आणखी एक मुद्दा फार जणांना माहीत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या घरासाठी किंवा व्याज सवलतीसाठी कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं लागतं. वडील प्रेमाने अकोल्याचं घर मुलाच्या नावावर करून देतात आणि मुलगा त्या योजनेतून बाहेर पडतो. वाटणी करण्याआधी हे बोलून घ्या.

राहिला गावाकडचा प्लॉट. "एवढ्या पैशात तं कौलखेडले दुमजली होते बाप्पा!" असं घरचे म्हणतात, आणि ते चूक नाही. आमचं मत असं की राहता प्लॉट विकू नये. शेत असेल आणि कसणारं कोणी नसेल तर विचार करावा, पण घरातल्या बहिणींच्या सह्या आणि हिस्सा यांचा निर्णय आधी व्हावा. विकण्यापूर्वी सातबारावर भोगवटादार वर्ग पाहा. वर्ग-२ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. ती परवानगी यायला महिने लागतात, आणि इकडे बिल्डरला दिलेली तारीख निघून जाते. त्यामुळे शेताचे पैसे प्रत्यक्ष खात्यात जमा झाल्याशिवाय इकडचा इसार देऊ नका.