अकराशे किलोंची गाडी

ब्र्यूनशेनच्या वळणावर सावली हवी असेल तर सकाळी लवकर यावं लागतं. अकरा वाजता बांधावर पाय ठेवायला जागा नाही. घडीच्या खुर्च्या, बर्फाचे डबे, बापाच्या खांद्यावर बसलेली मुलं. जाळीच्या भोकात लेन्स अडकवून उभे असलेले फोटोवाले. मागच्या तळावर सॉसेज भाजल्याचा धूर. पुढे काळं डांबर, त्यावर हौशी लोकांनी रंगाने लिहिलेली नावं. पलीकडे नुसतं जंगल.

जर्मनीतला हा आयफेलचा डोंगराळ मुलूख. नुर्बुर्गरिंगचा उत्तरेकडचा मार्ग याच झाडीतून जातो. शर्यत किंवा चाचणी नसेल तेव्हा ठरावीक वेळेत तो सगळ्यांना खुला असतो. पैसे भरायचे, आपलीच गाडी घेऊन आत शिरायचं. कायद्याच्या लेखी हा टोल भरायचा एकेरी रस्ता. ओव्हरटेक डावीकडूनच. फेरीची वेळ मोजायला बंदी. त्यामुळे बांधावर आकडे कमी, मतं उदंड.

गाडी दिसायच्या आधी ऐकू येते. वर झाडांमागे इंजिन ओरडतं, मग ब्रेक लागतात, आवाज खाली बसतो. उतारावरून एक मोठी सलून गाडी येते. नाक खाली दाबलेलं, टायर कुरकुरतायत. दोन उजवी वळणं कशीबशी जोडते आणि चढावर पुन्हा गरजते. ती गेल्यावर तिचा वास मागे राहतो. तापलेल्या ब्रेकचा वास, घशाला लागणारा.

तिच्यामागे एक निळी बुटकी गाडी. फार आवाज नाही. ब्रेकचे दिवे लागतात आणि लगेच विझतात. वळणात गाडी थोडी लोळते, बाहेरच्या चाकावर अलगद टेकते आणि तशीच, न अडखळता, दुसऱ्या वळणात जाते. टायरचा आवाज नाही. कॅमेरे फारसे उठत नाहीत. जाळीजवळचा एक म्हातारा मात्र मान हलवतो. "आल्पिन," तो म्हणतो. बाजूचा तरुण फोनमधून डोकं काढेपर्यंत गाडी दिसेनाशी झालेली असते.

मग एकाएकी शांतता पसरते. एक मिनिट, दोन मिनिटं. कोणी तरी कुठे तरी कठड्याला घासलेलं असणार. इथे हे नेहमीचंच. मार्ग बंद झाला की बांधावरचे अर्धे लोक खुर्च्या मिटतात आणि गाड्या काढून ड्योटिंगर ह्योहेच्या प्रवेशाकडे निघतात. आपणही त्यांच्याबरोबर जायचं.

प्रवेशाजवळच्या तळावर ऊन थेट डोक्यावर. डांबराची धग बुटाच्या तळव्यातून वर येते. आडव्या दांड्यांपुढे रांगा लागल्यात. इंजिनं बंद, दारं उघडी, चालक बाहेर. दूर टेकडीवर नुर्बुर्गचा पडका किल्ला. नंबरप्लेटा जर्मन, डच, बेल्जियन. उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या गाड्या ब्रिटनमधून आलेल्या. कुणी चाकातली हवा तपासतो, कुणी बॉनेट उघडून नुसताच आत बघत उभा. करण्यासारखं काही नाही. वाट बघायची आणि बोलायचं.

बोलण्याचा घोळका निळ्या आल्पिनभोवती जमतो. ए११० हे तिचं नाव. २०१७च्या जिनिव्हा प्रदर्शनात ती लोकांसमोर आली, म्हणजे तशी काल-परवाची नाही. पण दोन गाड्या सोडून तिची थोरली बहीण उभी आहे, १९६३ साली निघालेल्या मूळ ए११०च्या घराण्यातली. तिच्या शेजारी ही नवीच. थोरलीने १९७१ साली माँटे कार्लोची रॅली मारली आणि १९७३ साली निर्मात्यांसाठीचं पहिलं जागतिक रॅली अजिंक्यपद मिळवून दिलं. तिची फायबरग्लासची काया जेमतेम कमरेच्या वर येते. वजन सातशे किलोंच्या आसपास.

"तोंड बघा," एक धिप्पाड डच गृहस्थ म्हणतात. त्यांची पोर्शे केमन मागेच उभी आहे, धुऊन पुसून लख्ख. "चार दिवे. दोन पुरले नसते? बेडूक दिसतोय."

"जुनीलाही चारच होते," थोरलीचा म्हातारा फ्रेंच मालक शांतपणे सांगतो.

"जुनीला शोभायचे. ती रात्री बर्फात पळायची."

आता जो तो गाडीभोवती फिरतो. बॉनेटच्या मधोमध उठलेली रेघ थोरलीवरूनच आलेली. मागची काच तशीच गोलाईने उतरलेली. मागचे दिवे एक्सच्या आकाराचे. एकाला ते आवडतात, दुसऱ्याला वाटतं की डिझाइन करणारा आठवणींच्या पुढे गेलाच नाही. तिसरा वाकून गाडीच्या पोटाखाली बघतो. तळ सपाट, मागे डिफ्यूझर. "वर पंख लावलेला नाही, ते बरं," तो उठताना म्हणतो. "हवेचं काम खालच्या खाली उरकलंय." लांबी ४.१८ मीटर, उंची सव्वा मीटर. शेजारच्या एसयूव्हीच्या आरशाखाली ती सहज मावेल.

रंगरूपाची चर्चा पलीकडच्या रांगेतही चालू आहे. तिथे लाल अल्फा रोमिओ ४सी आहे, २०१३ची. कार्बन फायबरचा गाभा अवघा ६५ किलोंचा, स्टिअरिंगला पॉवरची मदत नाही. बाजूने बघणारे सगळे खूश. समोर आले की बोलणं पुन्हा दिव्यांवर घसरतं. तिच्यापुढे पिवळी लोटस एलिस, १९९६ साली निघालेल्या पहिल्या पिढीतली. ॲल्युमिनियमचे भाग चिकटवून केलेली तिची चासी ६८ किलोंची, अख्खी गाडी सव्वासातशेच्या आसपास. मालक आत बसतो म्हणजे आधी उंबऱ्यावर बूड टेकवतो, एक पाय आत घेतो, मग दुसरा, मग कण्हतो. बघणारे टाळ्या वाजवतात. तोही हसतो.

आल्पिनची मालकीण एक बेल्जियन बाई. ती बोलत कमी आणि काम जास्त करतेय. पुढचं झाकण उघडून बॅग काढते. मग मागचं झाकण उघडते, तिथून दुसरी. मधे इंजिन, त्यामुळे सामानाचे दोन कप्पे. पुढे १०० लिटर, मागे ९६. आत डोकावणारा एकजण विचारतो, डॅशबोर्डमधला कप्पा कुठाय? ती म्हणते, नाहीच. तो खांदे उडवतो. एवढ्या पैशांत रुमाल ठेवायला जागा नाही.

घोळक्यात एक मुलगा मराठी बोलणारा निघतो. पुण्याचा. मोटारींच्या खुर्च्यांच्या सांगाड्यावर काम करणारा इंजिनिअर, नोकरीसाठी जर्मनीत आलेला. त्याचं लक्ष दिव्यांकडे नाहीच. तो दारातून वाकून खुर्ची बघतोय.

"काका, ही १३.१ किलोंची आहे. एक खुर्ची."

मग?

"मग काय! विजेवर मागेपुढे होणारी नेहमीची खुर्ची याच्या दुप्पट भरते. आम्ही काही ग्रॅम काढायला महिनेच्या महिने घालवतो." तो मागच्या चाकाकडे बोट करतो. "तिथे हँडब्रेकला वेगळा कॅलिपर नाही. एकाच कॅलिपरमध्ये दोन्ही कामं. अडीच किलो वाचले. दारं, छप्पर, सांगाडा, सगळं ॲल्युमिनियम. एका जागी शंभर किलो कुणालाच सापडत नाहीत. असे अडीच-अडीच किलो वेचावे लागतात."

बेरीज अकराशे किलोंच्या आसपास येते. इंजिन १.८ लिटरचं, टर्बो, २५२ अश्वशक्ती. डच गृहस्थांच्या केमनचे घोडे ३००. ते हा आकडा ऐकवतातच. मुलगा फोन काढतो आणि भागाकार करतो. केमन स्वयंचलित गिअरची, म्हणजे १,३६५ किलो. तिच्या प्रत्येक घोड्याच्या वाट्याला साडेचार किलोंहून थोडं जास्त वजन. आल्पिनच्या घोड्याला ४.४. शून्यावरून शंभरला केमन ४.९ सेकंद घेते, आल्पिन साडेचार. गृहस्थ फोन हातात घेऊन आकडे तपासतात. परत देतात.

"पण आवाज?" ते म्हणतात. "आणि गिअरचा दांडा कुठाय?"

इथे मात्र घोळका त्यांच्या बाजूने झुकतो. आल्पिनला सात गिअरची डबल क्लच पेटी आहे, स्टिअरिंगमागच्या पात्यांनी गिअर बदलायचे. क्लचचं पेडल नाही. हलकी गाडी म्हणजे हाताने गिअर टाकायची गाडी, असं मानणारे इथे पुष्कळ. एक ब्रिटिश मुलगा आपल्या जुन्या माझ्दा एमएक्स-५ कडे बोट दाखवतो. १९८९ साली आलेलं मॉडेल, बॉनेटमधून उघडणारे दिवे, वजन हजार किलोंच्या आत. "माझ्याकडे तीन पेडलं आहेत," तो म्हणतो, "आणि हिच्या किमतीत अशा कितीतरी येतील." कुणी वाद घालत नाही.

मघाच्या लोळण्याचाही विषय निघतो. एकाला ती ढिली वाटली. फ्रेंच म्हातारा नाही म्हणतो. गाडी हलकी असली की स्प्रिंगा कडक कराव्या लागत नाहीत. आणि इथला रस्ता उंचसखल, कडक गाडी इथे उड्या मारते. ढिली वाटणाऱ्यांसाठी २०१९ साली तिची एस आवृत्ती आली, स्प्रिंगा ५० टक्क्यांनी कडक, शक्ती २९२. "ती घ्या की," तो म्हणतो. "सपाट रस्त्यावर चालवा."

ऊन कलत नाही. पाण्याच्या बाटल्या फिरतात. सकाळी वळणावर पाहिलेली मोठी सलूनही इथेच आहे. मालकाने चाकांसमोर हात धरलाय, स्पर्श न करता. लांबूनच धग लागते. मुलगा पुन्हा हिशोब सांगतो. त्याच वेगातून थांबायचं तर १,५०० किलोंची गाडी ब्रेकमध्ये जेवढी उष्णता ओतते, त्याच्या पाऊण भागाहूनही थोडी कमी आल्पिन ओतेल. आणि एका फेरीत २० किलोमीटर, सत्तरावर वळणं. वजन कमी, त्यामुळे तिला टायरही रुंद लागत नाहीत. पुढे २०५, मागे २३५. सलूनवाला ऐकतो आणि आपल्या रुंद टायरांकडे बघतो.

फलकावरचा लाल दिवा जातो. घोषणा पुरी व्हायच्या आत इंजिनं सुरू होतात. सगळा तळ थरथरतो. दारं धडाधड लागतात. कार्ड टेकवलं की दांडा वर, एक गाडी आत, दांडा खाली.

बेल्जियन बाई डच गृहस्थांना विचारते, बसणार का? शेजारची खुर्ची रिकामी आहे.

ते केमनकडे बघतात. मग जॅकेट काढून फ्रेंच म्हाताऱ्याच्या हातात देतात.

"वजन किती तुमचं?" ती विचारते.

"पंच्याण्णव."

"ब्रेकमधून अडीच वाचवले होते," पुण्याचा मुलगा मराठीत पुटपुटतो.

निळी गाडी दांड्याखालून जाते. आता दहा-बारा मिनिटं. तळाला लागूनच दोन किलोमीटरहून लांब सरळ रस्ता आहे, फेरीचा शेवट त्याच्यावर. कठड्यापाशी उभं राहून बघता येतं. आधी मोठ्या गाड्या येतात, पूर्ण आवाजात. मग आल्पिन येते. उजव्या कडेला, उजवा इंडिकेटर लावून. सलून तिला डावीकडून मागे टाकते, तिच्यामागून आणखी एक. इथे घोडेच मोजले जातात, किलो कुणी विचारत नाही. इंडिकेटर तसाच चालू ठेवून ती शांतपणे बाहेर पडण्याच्या वाटेला लागते.

गृहस्थ उतरतात. आधी एक पाय, मग दुसरा. शर्ट पाठीला चिकटलाय. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघतायत. ते जॅकेट घेतात, झटकतात, घालायचं विसरून हातातच धरतात. गाडीभोवती एक फेरी मारतात. मागच्या चाकाजवळ हात नेतात, थांबतात, आणखी जवळ नेतात. मग पुढे येऊन समोर उभे राहतात.

"दिवे," ते म्हणतात, "अजूनही पटत नाहीत."

आणि बाईला विचारतात, पुढची फेरी कधी?