बेसिक किती, ते आधी सांगा

मी कामगारांचे हिशेब तपासते. तळेगाव-चाकण पट्ट्यात कंपनी बंद पडणार अशी कुणकुण लागली, की लोक पगाराच्या स्लिपा घेऊन येतात. पहिला प्रश्न ठरलेला : "मॅडम, हातात किती पडतील?"

जनरल मोटर्सच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर लांबतच गेलं. तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतात शेवरोले विकणं थांबवलं, निर्यातीच्या गाड्या मात्र बनत राहिल्या. डिसेंबर २०२० मध्ये त्याही थांबल्या आणि एप्रिल २०२१ मध्ये सुमारे १४०० कामगारांना ले-ऑफ मिळाला.

ले-ऑफमध्ये नाव हजेरीपटावर राहतं आणि बेसिक व महागाई भत्त्याच्या निम्मे पैसे मिळतात. घराचा हप्ता काही निम्मा होत नाही. कायमची कपात करायची किंवा कारखानाच बंद करायचा, तर सरकारची परवानगी लागते. ही अट तेव्हा १०० कामगारांपासून होती, २०२० ची औद्योगिक संबंध संहिता पुढे लागू झाली, तेव्हा ती ३०० वर गेली. परवानगीच्या भानगडीत पडण्यापेक्षा कंपन्यांना स्वेच्छानिवृत्ती योजना सोयीची वाटते. त्यात स्वेच्छा कितपत असते, ते विचारू नका.

स्लिपवर मी आधी बेसिक बघते. समजा बेसिक-डीए २०,००० आणि नोकरी १२ वर्षं. २०,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले १२ : ग्रॅच्युइटी १ लाख ३८ हजारांच्या आसपास. एकूण पगार ४५,००० असला, तरी जुन्या नियमाने उरलेले २५,००० या हिशेबात कुठेच नाहीत. भत्ते फुगवून बेसिक दाबून ठेवायची कंपन्यांची हुशारी इथे कळते. नव्या कामगार संहितांमध्ये भत्ते निम्म्याच्या वर गेले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा आहे. उशिरा सुचलं, पण बरं झालं.

तळेगावच्या कारखान्यासाठी ग्रेट वॉल मोटर्सचा सौदा सरकारी मंजुरीअभावी २०२२ मध्ये बारगळला. २०२३ मध्ये ह्युंदाईने करार केला, तो जमीन, इमारती आणि काही यंत्रांचा. जुन्या माणसांना कामावर घ्या, ही मागणी कामगारांना वेगळी लढवावी लागली.

हल्ली मी एक गोष्ट प्रत्येकाला बजावते. नोकरी दहा वर्षांच्या आत सुटली, तर पीएफमधला पेन्शनचा भाग घाईने काढू नका. त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घ्या, म्हणजे पुढच्या नोकरीची वर्षं त्यात जोडली जातात आणि दहा भरली की पेन्शनचा हक्क मिळतो.