आजी-आजोबांसह इमॅजिका : शांत मुक्कामाची निवड

शाळांना सुट्टी लागली की पुण्यातील अनेक घरांत मुले खोपोलीजवळच्या ‘इमॅजिका’चा हट्ट धरतात. २०१३ मध्ये खालापूर तालुक्यात सुरू झालेले हे मनोरंजन उद्यान द्रुतगती मार्गामुळे पुणेकरांच्या आवाक्यात आहे. बेत ठरतो, गाडी ठरते आणि मग आजी म्हणतात, “तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते.” चोविहार, कंदमुळांचा त्याग, उकळलेले पाणी, सकाळचे सामायिक यांची सोय परक्या ठिकाणी होईल का, ही शंका त्यामागे असते. घरचेही ते पटकन मान्य करतात आणि सहलीला अर्धेच कुटुंब जाते. मुक्कामाची जागा विचारपूर्वक निवडली, तर ही वेळ येत नाही.

पहिला विचार ऋतूचा. उद्यान घाटाखाली कोकणच्या बाजूस आहे, तर लोणावळा घाटमाथ्यावर सुमारे सहाशे मीटर उंचीवर. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. लोणावळ्यास उतरल्यास भोजनासाठी चार-साडेचारलाच मुलांना उद्यानातून बाहेर काढावे लागते. शिवाय शनिवार-रविवारी घाटातील वाहनांची रांग कोणाच्याही नियमासाठी थांबत नाही. म्हणून हिवाळ्यात उद्यानालगत किंवा खोपोलीत राहावे. मे महिन्यात सूर्यास्त सातच्या पुढे जातो आणि खाली उकाडा असह्य होतो. तेव्हा वडीलधाऱ्यांनी एका सोबत्यासह लोणावळ्यात थांबावे व तरुणांनी दिवसभर जाऊन यावे, हेच सोयीचे.

दुसरा विचार स्वयंपाकघराचा. ‘जैन जेवण मिळेल’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. कांदा-लसूण वगळून बटाटा मात्र वाढला जातो, हा अनुभव अनेकांचा आहे. स्वयंपाकघर पूर्ण शाकाहारी आहे का, नसल्यास भांडी वेगळी आहेत का, सूर्यास्तापूर्वी ताट मिळेल का, उकळलेले पाणी खोलीत देतील का, हे स्पष्ट विचारावे. नवकारसी असणाऱ्यांनी न्याहारीची वेळही पाहावी. जानेवारीत सूर्योदय सातनंतर होतो. त्यात ४८ मिनिटे मिळवली की आठ वाजत येतात.

तिसरा विचार शांततेचा. हॉटेल लहान असले म्हणजे शांत असेलच असे नाही. त्या तारखांना लग्न किंवा कंपनीचा मेळावा आहे का, हे आधी विचारावे. खोली महामार्गाकडे तोंड करणारी नसावी. जलतरण तलाव आणि हिरवळीपासूनही दूर असावी. गुडघे दुखणाऱ्यांसाठी तळमजला मागावा. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास कायद्याने मनाई आहे, हे व्यवस्थापकाला नम्रपणे सांगता येते.

आता हिशेब. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के, तर त्यापुढे १८ टक्के जीएसटी लागतो. ७,००० रुपयांची खोली करासह ७,३५० रुपयांना पडते. ८,००० रुपयांची मात्र ९,४४० रुपयांना. दरात हजाराचा फरक दिसतो, खिशातून दोन हजारांहून अधिक जातात. सुट्टीचा वार टाळला तर दर सहसा उतरतो आणि गर्दीही. दुकानाच्या साप्ताहिक सुट्टीचा मेळ त्याच्याशी घालावा. वर विचारलेल्या सर्व गोष्टींची कबुली संदेशावर लेखी घ्यावी आणि मगच आगाऊ रक्कम भरावी. बँकेच्या नोकरीने लावलेली ही सवय प्रवासातही उपयोगी पडते.

परतीच्या दिवशी मुलांना एक गोष्ट अवश्य सांगावी. याच मावळात कामशेतजवळच्या पाले गावी डोंगरातील लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी शिलालेख आहे. त्याचा आरंभ अरिहंतांच्या नमनाने होतो. लेणे आणि पाण्याचे टाके करविल्याची नोंद त्यात आहे. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी तो अभ्यासकांसमोर आणला. चढ असल्याने वृद्धांनी खालूनच वंदन करावे.

पाळण्यांचा थरार मुले काही दिवसांत विसरतील. आजी सोबत होत्या आणि त्यांचा नियमही मोडला नाही, हे मात्र त्यांच्या लक्षात राहील. नियम घरापुरते नसतात, हे मुलांना कोणी वेगळे शिकवावे लागणार नाही.