मॉडेल रेल्वे डब्याचा रंग बदलताना

प्रमाण : एचओ म्हणजे १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. भारतीय ब्रॉडगेज (१,६७६ मिमी) या मापात १९.३ मिमी भरतो. बाजारातले तयार एचओ रूळ मात्र १६.५चेच.

लांबी : भारतीय रेल्वेच्या डब्यांचे दोन प्रकार; या मापात जुना आयसीएफ डबा सुमारे २४.५ सेंमी, नवा एलएचबी २७ सेंमी. त्यामुळे नुसता रंग बदलून आयसीएफचा एलएचबी होत नाही. खिडक्यांची मांडणी आणि बोगीही (डब्याखालचे चाकांचे सांगाडे) वेगळ्या.

रंगकाम :
• आधी काचा, चाकं काढायची. डबा साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवायचा.
• प्रायमरचा पातळ हात.
• फिका रंग आधी, गडद नंतर. पट्ट्यांसाठी मास्किंग टेप.
• अक्षरांच्या डिकलखाली (चिकटवायच्या छापील अक्षरांखाली) चकचकीत वॉर्निश; खरखरीत पृष्ठभागावर डिकलच्या कडा पांढुरक्या दिसतात. शेवटी मॅट वॉर्निश.